गाठ आणि गांठ

नानांचा फोन आला तेव्हा मी सुरतेत, भेस्तानच्या घरी ओट्याशी उभी राहून मेथी निवडत होते. नाना फोनवर ओरडूनच बोलतात. सारा जन्म लूमच्या आवाजात काढलेला माणूस, त्याला हळू बोलणं कुठून येणार? "मशीनी चालन्यात भंगारमा," ते म्हणाले. "वर तुम्हनं सामान पडेल शे. येईसन लई जाय." आणि फोन ठेवूनही दिला. मेथी तशीच राहिली, हाताला तिचा कडू वास, आणि मी मात्र उधन्याच्या त्या खोलीत कधीच पोचले होते.

नाना म्हणजे भूषणचे वडील. शिरपूरकडून पोटामागे सुरतेत आलेले. सुरतेत लूमच्या शेडला खातं म्हणतात. उधन्यातल्या अशाच एका खात्यात नाना सगळ्या मशीनींवर देखरेख करायचे. मालक भला होता, नानांच्या शब्दाला मान देणारा. त्यानं माडीवरची रिकामी खोली आम्हाला वापरायला दिली. आम्ही म्हणजे भूषण, किन्नरी आणि मी. भूषण आमच्याच खान्देशातला, घरात अहिराणी बोलणारा, नाकावर राग आणि पोटात माया. किन्नरी पक्की सुरती, वडिलांचं जरीचं दुकान, स्कूटर अशी चालवायची की मागे बसणाऱ्यानं कुलदैवत आठवावं. मी दोघांपेक्षा थोडी मोठी, म्हणून भूषणची ताई आणि किन्नरीची दीदी. कॉलेज संपलेलं, धड नोकरी नाही, आणि डोक्यात एक खूळ.

खूळ काय, तर आम्ही वेबसाइट बांधायचा सांगाडा तयार करत होतो. घर बांधताना प्रत्येकानं विटा स्वतः भाजायच्या नसतात ना, तसं. प्रत्येक वेबसाइटला लागणारं नेहमीचं काम आम्ही एकदाच करून ठेवायचं, आणि ज्याला हवं त्यानं ते फुकट घ्यावं, आत डोकावावं, चुकलं असेल तर दुरुस्त करून परत पाठवावं. फ्रेमवर्क म्हणतात त्याला, आणि असं उघडं ठेवलं की ओपन सोर्स. नाव काय ठेवायचं यावर आठवडाभर डोकेफोड झाली. शेवटी एकदा खाली नाना तुटलेला तार, म्हणजे धागा, जोडत होते. दोन टोकं बोटात धरली, थुंकीनं ओली केली, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ. भूषण म्हणाला, "गाठ. बस्स, हेच नाव." कापडात गाठ दिसली तर ती खोट, पण गाठ मारणारंच कुणी नसेल तर कापड कुठलं? मला तर ऐकताक्षणी पटलं.

किन्नरीनं मात्र नाक मुरडलं. गुजरातीत त्याला गांठ म्हणतात, वर टिंब देऊन. "टिंब विना केवुं लागे छे!" ती म्हणायची. "जणू चांदल्याशिवाय, टिकलीशिवाय बाई." भूषण म्हणायचा, "माझ्या मायच्या बोलीत टिंब नाही." आम्ही हसायचो. त्या टिंबावरून पुढे काय रामायण होणार आहे, ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

ती खोली. अहाहा, काय तो वास! खालून मशीनच्या तेलाचा, कांजीचा, तापलेल्या मोटारींचा वास जिन्यावरून वर यायचा आणि आमच्या कपड्यांत, केसांत, पोळीच्या डब्यातसुद्धा जाऊन बसायचा. माझी आई मी घरी गेले की म्हणायची, "तू कॉम्प्युटर चालवतेस की लूम?" आवाज तर इतका, की शेजारी बसलेल्याला काही सांगायचं तरी लिहून दाखवावं लागे. त्यामुळे आम्हाला एक सवय लागली. भांडणंसुद्धा लिहून करायची. आणि लिहिलेलं भांडण बऱ्यापैकी सभ्य होतं, हे मी अनुभवानं सांगते.

आणि जमीन थरथरायची. सारखी, दिवसभर. आमचं टेबल म्हणजे दोन खोक्यांवर टाकलेली प्लायवूडची फळी. तिच्यावर चहाचा पेला ठेवला की तो आपोआप चालायला लागायचा. हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता, कडेकडे. पहिले काही पेले फुटले. मग नियम झाला, ज्याचा हात मोकळा, त्यानं पेला आत सरकवायचा. कुणाचाही असो. मान वर न करता, काम न सोडता, एक हात जायचा आणि दुसऱ्याचा पेला आत यायचा. कुणी आभार मानायचं नाही आणि कुणी उपकार करायचा नाही. पुढे पुढे ही गोष्ट इतकी अंगात मुरली की मी घरी जेवताना वडिलांचा तांब्या सरकवायची.

उन्हाळ्यात वीज जायची. सगळ्या मशीनी एकदम गप्प. असली शांतता, की स्वतःचा श्वास ऐकून दचकायला व्हायचं. आणि अशा वेळीही कुणाचा तरी हात सवयीनं पेल्याकडे जायचाच. मग बाकीचे दोघं टाळ्या पिटायचे, "मशीन बंद शे! मशीन बंद शे!" आणि ज्याचा हात गेला, त्यानं खालच्या टपरीवरून सगळ्यांना चहा आणायचा. किन्नरी तर दर खेपेला सापडायची. चिडून म्हणायची, "हाथ मारो नथी, तुमचा झाला आहे!"

काम करायची पद्धतही आम्ही खात्यातूनच उचलली. नानांचा कारागिरांना एक दंडक होता. "तुटेल तार ठेईसन पाळी सोडानी नही." पाळी संपली, घड्याळ काही का सांगेना, तार तुटलेला असेल तर जोडायचा आणि मगच घरी जायचं, मागून येणाऱ्याच्या माथी तुटकं मारायचं नाही. आमचंही तसंच. कुठल्या तरी गावातला कुणी शिकाऊ अडला आणि त्यानं प्रश्न विचारला, तर त्याला उत्तर दिल्याशिवाय उठायचं नाही. आणि नवीन काही आत घ्यायचं तर तिघांनी मान डोलवायची. एकाची जरी डोलली नाही तरी थांबायचं. त्याला आम्ही गाठ मारणं म्हणायचो.

मग ती ओळ. गाठवर बांधलेली साइट अडली, की पडद्यावर काहीतरी सूचना यायला हवी. भूषणनं कामापुरतं म्हणून लिहून ठेवलं होतं, "तार तुटना रे भो!" नंतर नीट इंग्रजी लिहायचं ठरलं होतं, आणि आम्ही तिघंही साफ विसरलो. गाठ जगात गेली ती तशीच! झालं, कुठून कुठून लोक विचारायला लागले, हे काय आहे, मंत्र आहे का? मी गाठची माहिती लिहायचं काम करायची, म्हणून उत्तरं मलाच द्यावी लागली. धागा तुटला रे भावा, एवढाच अर्थ आहे, घाबरू नका, जोडा. लोकांना ते इतकं आवडलं की काढायला गेलो तर आरडाओरडा झाला. दूर देशातली, कधी न पाहिलेली माणसं एकमेकांना भो म्हणायला लागली. नानांना सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ हसत राहिले.

थंडीत किन्नरी पोंक आणायची. कोवळ्या ज्वारीचे भाजलेले हिरवे दाणे, वर लिंबू, मिरीची शेव. काकू, म्हणजे भूषणची आई, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी पाठवायच्या. किन्नरीला आधी भरीत तिखट लागायचं, डोळ्यांतून पाणी काढत खायची, नंतर तर भूषणच्याही वाट्याचं खायला लागली. उत्तरायणाला आम्ही खात्याच्या गच्चीवर असायचो. फिरकी माझ्याकडे, पतंग किन्नरीकडे, आणि भूषण तुटलेल्या मांज्याची टोकं जोडत बसलेला. "काप्यो छे!" असं ती ओरडली की शेजारची गच्ची गप्प व्हायची.

आणि श्रावणात कानबाई. आमच्या खान्देशी घरांत कानबाईचे रोट भाऊबंदांखेरीज कुणाच्या तोंडी पडत नाहीत. घरचं म्हणजे घरचंच. त्या वर्षी काकूंनी किन्नरीला पाटावर बसवलं आणि तिच्या ताटात रोट वाढला. शेजारणी कुजबुजल्या. काकूंनी पदर खोचला आणि सरळ सांगितलं, "ती घरनीच शे." किन्नरीला अहिराणी तेव्हा फारशी कळत नव्हती, पण एवढं कळलं. तिनं मान खाली घालून सगळं ताट चाटूनपुसून संपवलं. मला ते ताट अजून दिसतं.

मग कंपनी आली. कुठली, ते राहू द्या. मोठी होती, दूरची होती, तिची स्वतःची बरीच कामं गाठवर चालायला लागली होती, म्हणून तिनं गाठला आसरा द्यायचं ठरवलं. भूषणला चांगल्या पगारावर बंगळुरूला बोलावलं, गाठचा प्रमुख म्हणून. आम्ही पेढे वाटले. नानांनी खात्यातल्या प्रत्येक कारागिराच्या हातावर पेढा ठेवला. प्रमुख हा शब्द आमच्यात त्याआधी कधी नव्हता, हे तेव्हा कुणाला सुचलंच नाही.

कोण बरोबर आणि कोण चूक, हे मला विचारू नका. मला एवढंच आठवतं की गाठची चव बदलली. तिघांच्या मानांच्या जागी समिती आली, आणि समितीत कंपनीची माणसं जास्त. बंद दारामागे बैठका व्हायच्या. पूर्वी उघड्यावर व्हायचं ते सगळं आता शिजून, झाकण लावून आमच्याकडे यायचं. आम्ही फक्त वाढायचं. कंपनीच्या लोकांना ठ म्हणता येईना, ते गाथ म्हणायचे. किन्नरी म्हणायची, "रसोडं आपलं, अने मेनू ते लोक लखे?" भूषण पडद्यावर दिसायचा, मागे काचेची भिंत, अंगात गुळगुळीत शर्ट. बोलायचा मोजकं. त्याच्या आवाजात खात्याची खटखट नसली की तो मला भूषण वाटायचाच नाही.

तो दिवाळीला घरी आला होता, त्या दिवसाची गोष्ट. तिघं पुन्हा माडीवर, तीच फळी, तेच चहाचे पेले. किन्नरीनं लॅपटॉप उघडला आणि तिला दिसलं, ओळ गेलेली. "तार तुटना रे भो" च्या जागी एक कोरडं इंग्रजी वाक्य.

तिनं त्या दिवशी लिहिलं नाही. ओरडून विचारलं. "कोणी काढलं?"

"मी," भूषण म्हणाला.

"कोणाच्या सांगण्यावरून?"

तो फळीवरची धूळ बोटानं पुसायला लागला.

"बोल ने!"

"सांगता येत नाही, किन्नरी."

"एटले? घरच्या माणसाला सांगता येत नाही?"

तो जमिनीकडे बघत राहिला. तेवढ्यात त्याचा पेला चालत चालत कडेला आला. मला दिसत होता, पण मी पलीकडच्या टोकाला, दाराशी उभी. किन्नरीच्या हातापासून तो वीतभरावर होता. तिनंही तो पाहिला. भूषणनंही पाहिला. कुणाचा हात उठला नाही. पेला पडला, चहा फळीखालच्या वायरींवर सांडला, आणि किन्नरी जिना उतरून गेली. स्कूटर सुरू झालेली ऐकूसुद्धा आली नाही, खाली मशीनीच इतक्या चालू होत्या.

तिनं वेगळी चूल मांडली. ओपन सोर्समध्ये ते करता येतं. आहे तसं सगळं उचलायचं आणि आपल्या वाटेनं न्यायचं. नाव ठेवलं गांठ. टिंबासकट. जगाला तो फरक कळेना. गाठवाले गांठकडे जाऊन प्रश्न विचारायचे, गांठवाले गाठला शिव्या द्यायचे. भाऊबंदकी म्हणतात ती हीच. मी दोन्हीकडे माहिती लिहीत राहिले. दोन्ही घरची भाकरी खाणाऱ्याला दोन्हीकडून बोलणी बसतात, ती बसली. पण दोघांपैकी एकालाही मी सोडणार नव्हते, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

पुढच्या श्रावणात काकूंनी मला विचारलं, "ती पोर कोठे शे?" मी म्हटलं, काम आहे तिला. काकूंनी मांडलेला पाट उचलला. त्याच्या पुढच्या वर्षी भूषणच्या डोक्यावर कंपनीनं दुसरा प्रमुख आणून बसवला. भूषण नोकरी सोडून घरी आला आणि इच्छापोरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायच्या कामाला लागला. गाठचं नाव काढलं की उठून जायचा. एकाच गावात राहून दोघं एकमेकांना कधी भेटले नाहीत. सुरतेत, जिथे माणूस लोचो खायला निघाला तरी ओळखीची चार तोंडं भेटतात! इतकं न भेटायला जीव तोडून चुकवावं लागतं.

आणि आता ही गंमत बघा. ज्या आठवड्यात नानांच्या मशीनी भंगारात निघाल्या, त्याच आठवड्यात कंपनीनं गाठमधून हात काढून घेतला. जुनं झालं म्हणे. पण निदान रीत पाळली. सांगितलं, की जुन्या तिघांनी मिळून एकमतानं 'हो' म्हटलं आणि एक प्रमुख सांगितला, तर गाठ त्यांच्या हवाली. नाहीतर हा आठवडा संपला की कुलूप. कुलूप म्हणजे, कुणालाही बघता येईल, पण आत कधीच कुणाला एक गाठ मारता येणार नाही. गाठवर अजून कितीतरी लहान लोकांची घरं उभी आहेत. शिकवणीवाले, टेम्पोवाले, गावाकडच्या दवाखान्यांचे नंबर लावणारे. पण मी खोटं कशाला बोलू? मला त्या घरांचं तर वाटत होतंच, त्याहून जास्त मला ते दोघं परत हवे होते. एका फळीशी. बस्स.

माझा 'हो' मी लगेच लिहिला. किन्नरीला फोन केला, ती म्हणाली, "पहेला तो लिहू दे." भूषणला केला, तो म्हणाला, "ताई, कुलूप लागू दे. मेलेल्याला शांत पडू दे." मग मी दोघांनाही कळवलं की नाना बोलवताहेत, माडीवरचं सामान न्यायचं आहे. खोटं नाही बोलले. फक्त दुसरंही कुणी येतंय, एवढं बोलले नाही.

उधन्याला पोचले तर खात्याच्या दारात ट्रक उभा. अर्ध्या मशीनी आधीच गेलेल्या, त्यांच्या जागी फरशीवर तेलाचे काळे डाग. उरलेल्या चालू होत्या. नाना म्हणाले, मशीनवर चढवलेलं कापड पुरं झाल्याशिवाय बंद करायचं नाही. वास मात्र तोच. जिन्यावर पाय ठेवला आणि माझे डोळे भरून आले, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

वर भूषण होता. केस पांढरे व्हायला लागलेले, फळी पुसत बसलेला. थोड्या वेळानं किन्नरी आली, हातात वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेला पोंक. त्याला पाहून दारातच थांबली. माझ्याकडे असं पाहिलं की मी वीज असते तर तिनं मला बंद केलं असतं.

"दीदी, आ शुं नाटक छे?"

"बस गं," मी म्हटलं. "सामान उचलायला तरी दोन हात लागतात."

बसली. फळीच्या दुसऱ्या टोकाला. टपरीवरचा चहा नानांनी आधीच वर पाठवला होता. खालच्या मशीनी एकेक करून बंद होत होत्या. कापड संपलं की एक आवाज कमी. गाण्यातून एकेक वाद्य उठून जावं, तसं ते ऐकू येत होतं.

शेवटी भूषणच बोलला, फळीकडे बघत. "कंपनीला जुन्या फोनांवर गाठ चालायला नको होती. स्वस्तातले फोन, आपल्या लोकांचे. मी अडून बसलो. ते म्हणाले, मग निदान ती गावठी ओळ काढा. मी ओळ दिली आणि फोन वाचवले. बंद दाराआडचं बाहेर सांगायचं नाही, असं लिहून दिलेलं होतं." मग म्हणाला, "वर्षभरच वाचले. नंतर त्यांनी फोनही काढले. मलाही काढल्यासारखंच."

किन्नरी पोंकच्या पुडीची दोरी सोडत होती. तिची बोटं थांबली. "गांठमध्ये ते फोन आजही चालतात," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"ती ओळ पण आहे. गुजराती नाही केली. तारी मम्मीनी बोलीमांच राखी छे."

"माहीत आहे म्हटलं ना."

"हां, तने तो खबर होयज," ती म्हणाली, आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "गांठमध्ये चुका कोण कळवतो? एक परदेशी माणूस. फाकडू इंग्रजी. नाव असं, की वाचताना जीभ वळत नाही. दर वेळी चूक अगदी बरोबर पकडतो. अने शेवटी काय लिहितो? 'थँक यू, भो.'"

भूषणचे कान लाल झाले.

"जगात सगळेच भो म्हणतात," तो पुटपुटला.

"म्हणतात. पण 'तार तुटना' मधल्या 'ना'चा काना चुकला, म्हणून कोण भांडतं? कोणता परदेशी?"

मी तोंडावर पदर धरला. ओढणी होती, पदर नव्हता, पण हात तसाच गेला. इतकी वर्षं हा माणूस खोट्या नावानं तिच्या दारात उभा राहून चुका सांगत होता, आणि ती त्याला ओळखून, काही न बोलता, त्याच दिवशी दुरुस्त करून देत होती! आणि मी वेडी दोन्हीकडे निरोप पोचवत झिजत होते. मेल्यांनो!

"आईच्या कानबाई मंडळाचं पान मी गांठवर बांधलंय," भूषण म्हणाला. "गाठवर नाही. त्यातल्या बायकांचे फोन जुने आहेत."

"जोयुं छे मे," किन्नरी म्हणाली. "रोटचे फोटो सरस आहेत."

यावर त्यानं खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. "ताई, हे कसं लिहायचं? हो. प्रमुख, किन्नरी."

"ना," ती म्हणाली. "प्रमुख कोई नही. ज्याचा हात मोकळा, तो."

"त्यांना एक नाव लागतं."

"तर लख माझं. काम मात्र ज्याचा हात मोकळा, तो करेल."

"आणि दोन्ही पुन्हा एक केल्यावर नाव कुठलं?" मी विचारलं. कुणीतरी विचारायलाच हवं होतं.

किन्नरीनं फळीवर सांडलेला पोंकचा एक हिरवा दाणा बोटानं इकडेतिकडे फिरवला. तो दाणा उचलून भूषणनं आपल्या तळहातावर घेतला. "टिंब राहू दे," तो म्हणाला. "वाईट नाही दिसत."

त्यानं 'हो' लिहिलं. तिनं 'हो' लिहिलं. माझा तिथे आधीच होता. तिघांचे एकाखाली एक आले, तेव्हा खाली शेवटचं एक मशीन चालू होतं. त्याचा तार तुटला असावा, कारण ते मध्येच थांबलं. मी जिन्यातून वाकून पाहिलं. भंगारात निघालेलं मशीन, ट्रक दारात उभा, ट्रकवाला घाई करतोय, आणि नाना खाली बसून दोन टोकं बोटात धरून ओली करताहेत. गाठ मारली. मशीन पुन्हा चाललं, राहिलेलं हातभर कापड विणून झालं, आणि मग नानांनी स्वतः बटण दाबलं.

ती शांतता. वीज गेल्यावर असायची तशीच. पण ही परत येणाऱ्या विजेची नव्हती. फळी हलत नव्हती, जमीन हलत नव्हती. चहाचे पेले ठेवले तिथे, चित्रासारखे उभे. भूषण खिडकीतून बाहेर ट्रककडे बघत होता. मला वाटतं तो रडत होता, किंवा रडायच्या बेतात होता. त्याचा पेला फळीच्या कडेशी होता.

किन्नरीनं मान वर केली नाही. पोंकवर लिंबू पिळता पिळता तिचा डावा हात पुढे गेला, आणि तिनं त्याचा पेला आत सरकवला.

भूषणनं वळून पाहिलं. पेल्याकडे, मग तिच्याकडे.

"मशीन बंद शे," तो म्हणाला.

"खबर छे," किन्नरी म्हणाली.

नियम तो नियम. टपरीवरून चहा आणायचा होता, म्हणून ती उठली, आणि तिच्या मागोमाग तोही जिना उतरला.